वाय-फाय जोडलेले, पण इंटरनेट नाही: रोज संध्याकाळी उद्भवणाऱ्या बिघाडाचे निदान

फोनवर वाय-फायच्या चिन्हातील सर्व कमानी भरलेल्या दिसतात, पासवर्डही बरोबर असतो, आणि तरीही त्याखाली ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असे लिहून येते. राऊटर बंद करून पुन्हा चालू केला की दहा-वीस मिनिटे सारे सुरळीत चालते आणि मग पुन्हा तेच. पुण्यातील आमच्या घरी हा प्रकार सुमारे तीन आठवडे रोज रात्री आठच्या सुमारास घडत होता. सेवा देणाऱ्या कंपनीकडे तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा राऊटर बंद-चालू करण्याचा सल्ला मिळाला, आणि दोनदा दुपारी येऊन गेलेल्या तंत्रज्ञाला लाइनमध्ये कोणताही दोष आढळला नाही. दोष लाइनमध्ये नव्हताच. तो माझ्याच घरात होता, माझ्याच हातून झालेला होता, आणि दुपारी तो अस्तित्वातच नसे. तो कसा सापडला ते पुढे येईलच. त्याआधी अशा वारंवार येणाऱ्या बिघाडाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा ते सांगतो, कारण लक्षण तेच असले तरी प्रत्येक घरातील कारण निराळे असू शकते.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वाय-फाय हा फोन आणि राऊटर यांच्यामधील, घरातल्या घरातला, बिनतारी दुवा आहे. त्यापुढे राऊटरपासून फायबरच्या डब्यापर्यंत दुसरा दुवा असतो (हल्ली ही दोन्ही उपकरणे बहुधा एकाच डब्यात असतात), डब्यापासून कंपनीच्या केंद्रापर्यंत काचेच्या तंतूचा तिसरा, आणि केंद्रापासून उरलेल्या जगापर्यंत चौथा. ‘नो इंटरनेट’ हा संदेश पहिल्या दुव्याबद्दल काहीच वाईट सांगत नाही. अँड्रॉइडचा फोन वाय-फायला जोडला गेल्यावर गूगलच्या एका सर्व्हरकडे छोटीशी विनंती पाठवतो आणि तिला २०४ या सांकेतिक क्रमांकाचे, मजकूर नसलेले उत्तर येण्याची वाट पाहतो. ते उत्तर आले नाही की हा संदेश झळकतो. म्हणजे राऊटरपर्यंतची वाट बरी आहे आणि त्यापुढे कोठेतरी अडले आहे, एवढीच बातमी फोन आपल्याला देत असतो.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे आणि ती लागली की फसली हे मोडेमच्या शिट्टीवरूनच कानाला कळत असे. आताचे उपकरण मुके आहे. ते फक्त दिव्यांनी बोलते, आणि ते दिवे आपण बहुधा कपाटामागे झाकून ठेवलेले असतात.

राऊटर लगेच बंद करू नये

राऊटर बंद-चालू करणे हे निदान नव्हे. त्यामुळे जोडणी काही वेळ परत येते हे खरे, पण बिघाडाच्या क्षणी दिवे काय सांगत होते, कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता मिळाला होता, आतील नोंदवहीत काय लिहिले गेले होते, हे सर्व पुसले जाते. पोलीस येण्यापूर्वी खोली झाडून काढावी तसा हा प्रकार आहे. म्हणून जोडणी तुटली की पाच मिनिटे धीर धरावा, डब्यासमोर उभे राहावे आणि दिव्यांचे छायाचित्र काढावे.

पॉवरचा दिवा लागलेला असतो हे सांगायला नको. त्याच्या शेजारचा ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असेल तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत आहे आणि केंद्रातील यंत्राने आपल्या डब्याला ओळखले आहे, असा त्याचा अर्थ होतो. तो लुकलुकत असेल तर डबा ओळख पटवण्याच्या खटपटीत आहे. ‘एलओएस’ हा दिवा लाल झाला, ज्याला लाइनमन सरळ ‘लॉस आला’ असे म्हणतात, तर प्रकाश पोहोचतच नाही किंवा अगदीच क्षीण झाला आहे. अशा वेळी राऊटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो. पॉन स्थिर आणि लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा विझलेला किंवा लाल, असे असेल तर तंतू ठीक असून लॉग-इन अडले आहे. अनेक कंपन्यांकडे ही जोडणी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देऊन होते आणि योजनेची मुदत संपली की नेमकी हीच अवस्था दिसते. आणि सर्व दिवे एकदम विझून पुन्हा एकेक करून लागत असतील, तर प्रश्न इंटरनेटचा नसून विजेचा आहे.

विजेचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा अधिक घरांत लागू पडतो. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत क्षणभराचा खंड पडतो. दिवे आणि पंख्यांना तो जाणवत नाही, राऊटर मात्र तेवढ्याने नव्याने सुरू होतो आणि पुढची दोन-तीन मिनिटे घरात इंटरनेट नसते. अॅडाप्टर जुना झाला असेल तर वीज न जाताही असे घडते, कारण सर्व फोन एकदम जोडले जाऊन राऊटरची गरज वाढली की तो पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. नवा अॅडाप्टर घेताना राऊटरच्या तळाशी छापलेले व्होल्ट तंतोतंत तेच असावेत, अँपिअर मात्र तेवढे किंवा अधिक चालतात. बाजारात राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. ज्यांच्याकडे रोज वीज ये-जा करते त्यांनी महागडा राऊटर घेण्यापूर्वी तो घ्यावा.

लाल दिवा आणि प्रकाशाचे माप

घरोघरी येणाऱ्या फायबरची रचना समजली की लॉसचे कोडे सुटते. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत एका निष्क्रिय विभाजकात, म्हणजे स्प्लिटरमध्ये, ३२ किंवा ६४ घरांसाठी फोडलेला असतो. त्या विभाजकाला वीज लागत नाही. तो फक्त प्रकाशाचे वाटे करतो. साहजिकच प्रत्येक घरी पोहोचणारा प्रकाश मुळातच अत्यल्प असतो. त्याचे माप डीबीएम या एककात सांगतात आणि ते ऋण संख्येत येते. ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकल्यावर उघडणाऱ्या त्याच्या व्यवस्थापन पानावर ‘आरएक्स पॉवर’ किंवा ‘ऑप्टिकल पॉवर’ या नावाने ते बहुधा दिसते. उणे १५ ते उणे २४ यांच्या दरम्यानचा आकडा निश्चिंत राहण्याजोगा असतो. उणे २७ ही सर्वसाधारण डब्याची सीमा आहे. उणे २७ म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे पाचशेवा भाग. हे मोजमाप साध्या बेरीज-वजाबाकीचे नाही. आकडा तीनने खाली गेला की प्रकाश निम्मा झालेला असतो, म्हणून उणे २३ वरून उणे २६ वर आलेला आकडा किरकोळ समजू नये. सीमेच्या काठावर असलेली जोडणी कोरड्या हवेत चालते आणि खांबावरच्या जोडपेटीत पावसाचे पाणी शिरले की तुटते. ‘पाऊस आला की नेट गेले’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

घरातल्या घरात पाहण्याजोगे दोषही असतात. काचेचा तंतू तांब्याच्या तारेसारखा दुमडून चालत नाही. तीव्र वळण आले की प्रकाश वळणावरून बाहेर निसटतो. कपाटाचे दार लावताना चेपणारी, खिळ्याला करकचून बांधलेली किंवा टेबलामागे मुडपलेली दोरी मोकळी केल्यावर लाल दिवा आपोआप विझल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. दुसरे म्हणजे टोकाचा रंग. हिरव्या टोकाच्या जोडणीचा पृष्ठभाग आठ अंशांनी तिरपा घासलेला असतो आणि निळ्याचा तसा नसतो. घाईत हिरवे टोक निळ्यात बसवले तर ते बसते खरे, पण दोन पृष्ठभाग नीट टेकत नाहीत आणि बराच प्रकाश वाया जातो. हे टोक डोळ्यांसमोर धरून आत काही दिसते का, हे पाहण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातला प्रकाश अदृश्य असतो आणि डोळ्यांना घातक ठरू शकतो. तंतू जोडणे, साफ करणे, मीटर लावणे ही कामे लाइनमनची आहेत.

दिवे हिरवे असूनही चालत नसेल तर

आमच्याकडे नेमके हेच होत होते. पॉन स्थिर, लॉस बंद, इंटरनेटचा दिवा हिरवा. अशा वेळी लॅपटॉप शक्यतो केबलने राऊटरला जोडावा, म्हणजे वाय-फाय हा संशयित तरी बाजूला होतो, आणि पिंग या आज्ञेचा आधार घ्यावा. १९८३ च्या डिसेंबरात माइक मूस यांनी लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम आहे, आणि त्याचे नाव पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून आलेले आहे. एका पत्त्याला हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती मिलिसेकंदांत येतो ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग हा शब्द, त्यापुढे मोकळी जागा आणि मग पत्ता असे इंग्रजी अक्षरांत व अंकांत टाइप करावे.

पहिली हाक राऊटरला मारावी. त्याचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. येथे उत्तर नसेल, किंवा लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. दोष घरात आहे. उत्तर आले तर दुसरी हाक ८.८.८.८ या पत्त्याला, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक नामसेवेला मारावी. येथूनही उत्तर आले, पण ब्राउझरमध्ये नावाने कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर वाट मोकळी आहे आणि नावाचा पत्ता शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, झोपलेली आहे. इंटरनेटवर प्रत्यक्ष देवाणघेवाण आकडी पत्त्यांवर होते. नावावरून तो पत्ता सांगण्याचे काम डीएनएस करते. ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये रचली. कंपनीचा नामसेवक संध्याकाळच्या गर्दीत थकला की आधीपासून उघडे असलेले व्हॉट्सअॅप कधी कधी चालू राहते आणि नवे पान मात्र उघडत नाही, ही त्याची ओळखीची खूण आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये नामसेवक म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे पत्ते घातले की हा प्रश्न सहसा मिटतो. फक्त एकाच अँड्रॉइड फोनवर अडचण असेल तर त्यातील ‘प्रायव्हेट डीएनएस’ या ठिकाणी कोणी काही भरून ठेवले आहे का, तेही पाहावे.

राऊटर उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही आणि दिवे मात्र सारे हिरवे, असे झाले की बहुतेक जण दोष कंपनीचा आहे असा निष्कर्ष काढतात. मीही काढला होता. पण माझ्या हाकेला उत्तर देणारा राऊटर माझा नव्हता, म्हणजे ज्याला मी हाक मारत होतो तो नव्हता.

हे उमगले ते योगायोगाने. जोडणी तुटलेली असताना नोंदवही पाहावी म्हणून मी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकला, तर समोर वेगळ्याच बनावटीच्या उपकरणाचे लॉग-इन पान उघडले. सहा महिन्यांपूर्वी मागच्या खोलीत वाय-फाय पोहोचावे म्हणून मी जुना राऊटर केबलने नव्याला जोडून ठेवला होता. त्याचाही मूळ पत्ता १९२.१६८.१.१ च होता आणि घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे, म्हणजे डीएचसीपीचे, काम तोही इमानेइतबारे करत होता. ती खोली पूर्वी फारशी वापरात नव्हती. मुलगी दहावीत गेल्यावर रोज रात्री आठ वाजता तेथे अभ्यासाला बसू लागली, आणि ज्या बोर्डावरून तिचा टेबललॅम्प लागतो त्याच बटणावर हा राऊटर होता. आठ वाजता बटण दाबले की एकाच घरात, एकाच पत्त्याचे, दोन कारभारी हजर होत. पत्ता मागणारे उपकरण बहुधा आधी आलेला देकार स्वीकारते, आणि ‘१९२.१६८.१.१ कोण?’ या प्रश्नाला दोघेही ‘मी’ म्हणून उत्तर देत. ज्यांना खरा राऊटर गवसे त्यांचे चाले. ज्यांना जुना भेटे त्यांची सारी वाहतूक बाहेर जाण्याची वाटच नसलेल्या डब्यात जाऊन संपे. नवा राऊटर बंद-चालू केला की ही सोडत नव्याने निघे, म्हणून काही वेळ बरे वाटे. आणि तंत्रज्ञ दुपारी येई तेव्हा मुलगी शाळेत, बटण बंद.

शंका पडताळण्याचा नेमका मार्गही आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपी ही आज्ञा, तिच्यापुढे वजाचे चिन्ह आणि ए हे अक्षर दिले की शेजारच्या उपकरणांची यादी येते. तीत राऊटरच्या पत्त्यासमोर त्याचा बारा अक्षरी हार्डवेअर क्रमांक असतो. तो राऊटरच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. एका वेळी एक आणि दुसऱ्या वेळी भलताच दिसला, तर घरात दोन कारभारी आहेत असे समजावे. उपाय दहा मिनिटांचा आहे. जुना राऊटर एकटाच लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा बदलावा, त्यातील डीएचसीपी बंद करावे आणि नव्या राऊटरकडून येणारी केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) तोंडात नव्हे, तर लॅन (घरातील उपकरणांसाठीच्या) तोंडात खोचावी.

वेळेची नोंद

बिघाड वारंवार होत असेल तर आठवडाभर वहीत तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती आणि त्या क्षणी घरात काय चालू होते, एवढे लिहावे. घड्याळ लावल्यासारखा ठरावीक मिनिटाला होणारा बिघाड निसर्गाचा नसतो. त्यामागे एखादे बटण, एखादी सवय किंवा ठरावीक तासांनी संपणारी लॉग-इनची मुदत असते. मी ही वही पहिल्याच आठवड्यात केली असती तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असतानाच जोडणी अडखळत असेल तर तो राऊटरचा दोष नाही. मायक्रोवेव्ह ज्या सुमारे २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतो, त्याच पट्ट्यात वाय-फायचा जुना, २.४ गिगाहर्ट्‌झचा मार्ग आहे. शेजारच्या दहा घरांचे राऊटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात, आणि त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच आहेत: १, ६ आणि ११. फोन ५ गिगाहर्ट्‌झवर नेला की ही गर्दी टळते, मात्र त्या लहरी भिंतींतून कमी आरपार जातात.

रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान जोडणी तुटत नाही, पण मंदावते, ही तक्रार निराळी आहे. फायबरच्या प्रचलित रचनेत केंद्राकडून येणारा वेग सेकंदाला सुमारे २.४८८ गिगाबिट असतो आणि तो ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्णपणे वापरला तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ मेगाबिटच्या आसपास येतो, ६४ घरांनी वापरला तर त्याच्या निम्मा. क्रिकेटचा सामना असलेल्या संध्याकाळी हे अनुभवाला येते. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर पहाटे सहाला आणि रात्री नऊला वेग मोजून दोन्ही आकडे जवळ ठेवावेत. घरात बसून यापलीकडे काही करता येत नाही. काही परदेशी संकेतस्थळेच तेवढी अडत असतील तर कारण समुद्रातही असू शकते. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सागरी केबल तुटल्या, तेव्हा भारतातील जोडण्याही मंदावल्या होत्या.

दोष घराबाहेर आहे अशी खात्री झाली तरच तक्रार केंद्राला फोन करावा, आणि ‘नेट चालत नाही’ असे न म्हणता ‘रात्री ९ वाजून १० मिनिटांनी लॉस लाल होता, आरएक्स पॉवर उणे २८ होती’ असे सांगावे. या वाक्यानंतर समोरची व्यक्ती राऊटर बंद-चालू करण्याचा आग्रह सहसा धरत नाही. तक्रारीचा डॉकेट (नोंद) क्रमांक देणे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार कंपनीला बंधनकारक आहे. तो मागून घ्यावा, कारण तक्रार न सुटल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाताना तो लागतो. तंत्रज्ञाला बिघाडाच्या वेळीच बोलवावे. संध्याकाळचा दोष दुपारी दाखवता येत नाही हे मी दोन फेऱ्या वाया घालवून शिकलो.

आमचा जुना राऊटर अजून मागच्या खोलीतच आहे. त्याच्या पाठीवर १९२.१६८.१.२ असे लिहून चिकटपट्टी लावली आहे, आणि त्याखाली मुलीने स्वतःच्या अक्षरात ‘लॅनमध्येच खोचणे’ अशी भर घातली आहे.